मुदतवाढीवर जगणारी गावे

लष्कराच्या सरावासाठी लागणाऱ्या जमिनीवर महाराष्ट्रात बोलायचे तर नगरच्या के. के. रेंजचे नाव आधी निघते. रणगाडा दलाचे केंद्र आणि प्रशिक्षणशाळा नगरला आहे आणि खारे कर्जुने गावावरून ओळखला जाणारा हा माळ रणगाड्यांच्या तोफांनी गाजतो. रेंजच्या विस्ताराची चर्चा निघाली की नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतील तेवीस गावांच्या पोटात गोळा येतो. २०२०-२१च्या सुमारास हा विषय थेट संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. अशा वेळी दोन ठरलेली विधाने ऐकू येतात. एक बाजू म्हणते, आजच्या काळात लष्कराला एवढी जमीन हवीच कशाला? दुसरी म्हणते, देशासाठी एवढेही सोसवत नसेल तर कसले देशप्रेम? दोन्ही विधाने चुकीची आहेत. दुसरे अधिक घातक आहे, कारण ते वादच संपवू पाहते.

पहिल्या विधानाचा समाचार आधी घेऊ. सराव संगणकावर होतो, सिम्युलेटर आले आहेत, मग माळरान कशाला, असा प्रश्न हुशारीचा वाटतो. सिम्युलेटरवर नेम धरायला शिकता येते, दारूगोळ्याचा खर्चही वाचतो. पण मे महिन्यात तापलेल्या रणगाड्यात बसून, धुरळ्यात समोरचे काही दिसत नसताना, वायरलेसवर तिघे एकदम बोलत असताना गोळा अडकला तर काय करायचे, हे पडद्यासमोर बसून अंगवळणी पडत नाही. जे सैन्य हे शांततेत शिकत नाही ते युद्धात शिकते, आणि त्याची किंमत विशीतली पोरे मोजतात.

गरज वाढते आहे हेही खरे. फाळणीनंतर तोफखान्याची शाळा देवळालीला आली तेव्हा हाताशी असलेल्या २५ पौंडी तोफेचा पल्ला जेमतेम बारा किलोमीटर होता. बोफोर्सने तो दुपटीच्या पुढे नेला. २०१८ मध्ये देवळालीतच सैन्यात दाखल झालेली के-९ वज्र चाळीस किलोमीटरच्या आसपास मारा करते. पल्ला तिप्पट झाला की केवळ लांबी वाढत नाही. गोळा भरकटला तर तो पडायला दोन्ही अंगांना मोकळी जागा राखावी लागते, म्हणून क्षेत्र पल्ल्याच्या वर्गाच्या हिशेबाने फुगत जाते. दुसरीकडे पन्नास वर्षांपूर्वी जिथे बाभळी होत्या तिथे आता बंगले, फळबागा, कारखाने आहेत. गरज आणि जमीन यांची वाट अशी उलट्या दिशांनी चालली आहे.

‘लष्कराकडे आधीच लाखो एकर पडून आहेत’ हा आणखी एक लाडका मुद्दा. संरक्षण खात्याच्या जमिनीची संपूर्ण मोजणी स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा २०२२ च्या सुरुवातीला पुरी झाली, तेव्हा आकडा निघाला सुमारे १७ लाख ७८ हजार एकर. छावण्यांच्या आतली जमीन त्यात एक लाख एकसष्ट हजार एकर. खडकीच्या किंवा कामठीच्या छावणीत कोणी तोफ डागणार नाही, हे उघड आहे. तरीही पंचाहत्तर वर्षे ज्या खात्याला स्वतःच्या जमिनीचा पुरा हिशेब ठाऊक नव्हता, त्याने ‘आम्हाला याहून एक एकरही कमी चालणार नाही’ असे सांगितले तर ऐकणाऱ्याने कागद मागावा. प्रत्येक तोफ प्रत्येक वेळी पूर्ण पल्ल्यावर डागली जात नाही. दारूचा भार कमी करून जवळच्या लक्ष्यावर शिकवणी देता येते आणि पूर्ण पल्ल्याचा सराव राजस्थानच्या वाळवंटात नेता येतो. गावांना हा फरक कोणी समजावून सांगितला आहे?

(जाता जाता, पर्यावरणवाद्यांनाही एक गैरसोयीची गोष्ट. मालढोक भारतात जिथे कसाबसा तग धरून आहे त्यांत पोखरणचे गोळाबारी क्षेत्र येते. माणसाला मज्जाव असल्याने तिथे गवत वाढले. तेव्हा लष्कर आले की निसर्ग मेला, असे सरसकट सूत्र मांडू नये.)

आता त्यागाच्या भाषेकडे. ती बोलणाऱ्यांना बहुधा कायदा ठाऊक नसतो. रेंजसाठी शेतजमीन दर वेळी संपादित होत नाही. १९३८ साली इंग्रज सरकारने लष्करी कवायती, मैदानी गोळीबार आणि तोफांचा सराव यांसाठी एक कायदा केला आणि तोच आजही चालतो. त्यात सरकार अधिसूचना काढून एखादे क्षेत्र ठराविक वर्षांसाठी सरावाला जाहीर करते. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो. सरावाच्या दिवशी धोक्याच्या पट्ट्यातून माणसे आणि जनावरे बाहेर काढता येतात, नुकसान झाले तर भरपाई मिळते. कागदावर हे सौम्यच दिसते, जमीन घेण्यापेक्षा बरे.

पण मुदत संपते आणि वाढवली जाते, पुन्हा संपते, पुन्हा वाढते. बापाने विहीर खणायची की नाही, मुलाने डाळिंब लावायचे की नाही, हे मंत्रालयातल्या फाइलीवर ठरते. संपादन झाले असते तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आणि पुनर्वसन मागता आले असते. अधिसूचनेत त्यातले काही नाही. ‘रेंजमधली जमीन’ म्हटल्यावर गिऱ्हाईक काय भाव देईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. राहुरीकडच्या काही कुटुंबांनी याआधी मुळा धरणाला जमिनी दिल्या आहेत. त्यांना त्यागाचे धडे मुंबई-पुण्यात बसून देऊ नयेत.

आणि अधिसूचना म्हणजे गरजेचा पुरावा असेही समजू नका. झारखंडमधील नेतरहाटचे उदाहरण पाहा. १९६४ पासून तिथे तोफा धडधडत होत्या. पुढे क्षेत्र वाढवून २४५ गावे त्यात आणली गेली. मार्च १९९४ मध्ये आदिवासींनी, त्यांतही बायांनी पुढे होऊन, सरावासाठी येणाऱ्या लष्करी गाड्या अडवल्या आणि परत पाठवल्या. त्यानंतर तिथे सराव झाला नाही. तरीही १९९९ मध्ये मुदतवाढ मिळाली, थेट मे २०२२ पर्यंत. म्हणजे अठ्ठावीस वर्षे गोळा सुटला नाही आणि २४५ गावांवरचा कागद मात्र कायम राहिला. जिथे गाड्या अडवल्या त्या टुटुवापानीला दरवर्षी मार्चमध्ये ती माणसे जमत राहिली. अखेर २०२२ मध्ये राज्य सरकारने पुन्हा मुदतवाढ न देण्याचा निर्णय घेतला. इतकी वर्षे सराव न करता ज्या जमिनीवाचून अडले नाही ती अडकवून ठेवण्यात कोणते देशहित होते?

गोळा सुटतो तिथे तर प्रश्न आणखी वेगळा. काश्मीरमधल्या तोसामैदानच्या कुरणाचा १९६४ चा भाडेपट्टा २०१४ मध्ये संपला. लष्कराने ते सोडले आणि जमिनीत रुतलेले, न फुटलेले गोळे शोधून नष्ट करण्याची मोहीम राबवली. हे काम पन्नास वर्षांनंतर करता येते, तर प्रत्येक सरावानंतर का करता येऊ नये? भंगारासाठी तुकडे वेचताना स्फोट होऊन माणूस गेल्याच्या बातम्या नगर भागाला नव्या नाहीत. अशा वेळी ‘तो आत गेलाच कशाला’ असे विचारले जाते. पोटासाठी गेला, हे उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत असते.

एक भीती उरते: एकदा माघार घेतली की सगळीकडे घ्यावी लागेल आणि सैन्य दुबळे होईल. फ्रान्समधल्या लारझाक पठारावर १९७१ मध्ये तीन हजार हेक्टरांची छावणी सतरा हजारांवर न्यायचे ठरले. १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेलेले लान्झा देल वास्तो, ज्यांना गांधीजींनी ‘शांतिदास’ नाव दिले, त्यांनी तिथे जाऊन उपोषण केले. दहा वर्षांच्या लढ्यानंतर राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी विस्तार रद्द केला. जुनी छावणी मात्र जिथल्या तिथे आहे आणि आज तिथे फ्रेंच फॉरेन लीजनची तुकडी राहते. शेतकरी जिंकले आणि सैन्यही हरले नाही.

म्हणून मागणी सैन्य हटवा अशी नाही. जी जमीन कायमची लागणार आहे ती २०१३ च्या कायद्यातल्या मोबदल्याने विकत घ्या. जी अधूनमधून लागते तिच्या सरावाचे दिवस पेरणी-काढणी पाहून वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा, बंद राहिलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे महिन्याच्या आत द्या आणि सराव संपला की गोळे वेचल्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्या. जी लागत नाही ती सोडा. यातले काहीही न करता नवी मुदतवाढ आली तर ती अडवायला दिल्लीला जाण्याची गरज नाही. १९३८ च्या कायद्याने अशी अधिसूचना काढण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. नगर, पारनेर आणि राहुरीच्या आमदारांनी प्रश्न विचारायचा तो मुंबईत, विधानसभेत.