कळांवर नसलेला ‘ळ’

सरकत्या कळफलकाच्या मोबाइलांविषयी हळहळणारे लेखन अधूनमधून आमच्या वाचनात येते. पडदा बाजूला सारताच खालून उगवणारी कळांची रांग, अंगठ्याला जाणवणारा प्रत्येक कळेचा उंचवटा, फोन मिटताना होणारा तो ‘टक्’ आवाज, या साऱ्याचे वर्णन करताना लेखणी अगदी ओलावते. मग तौलनिक समीक्षा सुरू होते. नोकियाचा एन९७ बरा की मोटोरोलाचा माइलस्टोन? दोन्ही २००९ सालचे. पहिल्यात कळांच्या तीनच ओळी आणि स्पेसबार उजवीकडे ढकललेला. दुसऱ्यात चार ओळी, पण कळा इतक्या सपाट की बोटाला एकीची दुसरीपासून ओळख पटू नये. ब्लॅकबेरीचा टॉर्च (२०१०) उभा सरकणारा, हे दोन्ही आडवे. चर्चा मोठ्या गांभीर्याने चालते. फक्त या कळांवर अक्षरे कोणती होती, हे कोणी विचारीत नाही.

आमचे म्हणणे असे की, मराठी लिहिणाऱ्यापुढे निवड अशी नव्हतीच. रोमन लिपीच्या चार-पाच सुबक आवृत्त्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतली एक उचलण्याची मुभा होती. के-ए-एल अशा तीन कळा दाबल्या की वाचणाऱ्याने काल, काळ, कल, कळ यांपैकी हवे ते घ्यावे. ज्या वस्तूसाठी एवढा वाद, त्या ‘कळे’चे नावसुद्धा त्या कळांवर निःसंदिग्धपणे लिहिता येत नव्हते! ल-ळ, न-ण यांचा भेद हा मराठीचा दागिना नव्हे, हाड आहे. तो गेला की शब्द उभा राहत नाही, संदर्भाच्या कुबड्या घेतो.

यावर दोन उत्तरे तयार असतात. एक, एवढ्याशा जागेत देवनागरी मावणार कशी? केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट आराखडा १९८६ साली प्रमाणित केला होता. त्यात क आणि ख, ग आणि घ एकेका कळेवर जोडीने बसतात. ल जिथे, तिथेच शिफ्टसह ळ. आणि हलन्ताला स्वतंत्र कळ. ‘स्त्री’ लिहायला सहा कळा दाबाव्या लागतात, पण जोडाक्षर कसे घडते तेही बोटांना समजते. व्याकरणाच्या तासाला आम्ही याहून फार वेगळे काय सांगतो? तीन ओळींत हा आराखडा मावला नसता, हे मान्य. पण एचटीसीचा ड्रीम २००८ साली अमेरिकेत आला, त्याला पाच ओळी होत्या. दैवदुर्विलास असा की, अँड्रॉइडच्या त्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरी धड उमटतही नसे. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी. जागा होती तिथे लिपी नव्हती.

दुसरे उत्तर बाजाराचे: मागणी नव्हती. हे उत्तर आम्हांला अधिक बोचते. रशियन ग्राहकासाठी त्याच नोकियाच्या कळांवर लॅटिनशेजारी सिरिलिक अक्षरे छापली जात. इतकेच कशाला, आपल्याकडच्या काही स्वस्त हँडसेटांच्या अंककळांवर देवनागरी अक्षरे आम्ही स्वतः पाहिली आहेत. म्हणजे कारखान्याला क-ख-ग ठाऊक होते. गृहीतक एवढेच की, महागडा फोन घेणारा मराठीत लिहिणार नाही. हे गृहीतक खरे कोणी ठरवले? आम्हीच. सकाळी वर्गात मूर्धन्य वर्णांवर व्याख्यान द्यायचे आणि दुपारी सहकाऱ्याला रोमन मराठीत निरोप धाडायचा. देवनागरीतल्या एसएमएसमध्ये १६०ऐवजी ७०च अक्षरे मावत आणि तिथे ‘स्त्री’ सहा मोजली जाई, ही सबब आम्हीही पुष्कळ वापरली. मात्र एन९७ हातात मिरवणाऱ्याला दुसऱ्या एसएमएसचे पैसे जड जात होते, असे कोणी सांगू नये.

असो. ते फोन गेले. ब्लॅकबेरीचा प्रिव (२०१५), एफएक्सटेकचा प्रो१ (२०१९) असे तुरळक अपवाद मागाहून आले. प्रो१मध्ये जर्मन लेखकासाठी निराळी कळरचना होती, आमच्यासाठी अर्थातच नाही. २०१६ साली भारत सरकारने फोनमध्ये भारतीय भाषांची सोय सक्तीची करणारा आदेश काढला, तेव्हा सरकते कळफलक जवळपास संपलेच होते. आता कळा काचेवरच्या आहेत आणि काचेवर कोणतीही लिपी उमटते. मग जुने उगाळता कशाला, असे म्हटले जाईल. उगाळतो, कारण अंगठ्याला लागलेले वळण फोनबरोबर गेले नाही. देवनागरी कळफलक एका स्पर्शावर असताना आमचे विद्यार्थी (आणि खरे सांगायचे तर आमच्यातले निम्मे) रोमन अक्षरे दाबतात आणि यंत्राने सुचवलेल्या शब्दांतून मराठी वेचतात. गेल्या सत्रात एम.ए.च्या वर्गात ‘बाळ’ हा शब्द फोनवर लिहायला सांगितला. एका विद्यार्थिनीने बी-ए-एल दाबले. वरच्या पट्टीत ‘बाल’ आला, ‘बल’ आला. ती शांतपणे पट्टी पुढे सरकवत राहिली.