जस्ताची गोळी आणि अर्धे ऐकलेले विज्ञान

अपत्यप्राप्तीसाठी झटणाऱ्या पुरुषाला आज औषधांच्या दुकानात आणि मोबाइलच्या पडद्यावर एक सल्ला हमखास भेटतो : जस्त घ्या, शुक्राणू वाढतील. या सल्ल्याचा पूर्वार्ध विज्ञानाने सिद्ध केलेला आहे, उत्तरार्ध मात्र नाही. दोहोंमधील अंतर न ओळखल्याची किंमत अनेक दांपत्ये पैशांत आणि त्याहूनही मौल्यवान अशा काळात मोजत आहेत.

पूर्वार्धाची कथा एका भारतीय वैद्यकाशी निगडित आहे. बिहारमध्ये जन्मलेले आणि पाटण्याला वैद्यक शिकलेले डॉ. आनंद प्रसाद 1958 मध्ये इराणच्या शिराझ शहरात कार्यरत होते. तेथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक रुग्ण आला. त्याची अंगकाठी जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढी होती आणि लैंगिक वाढ जवळपास झालेलीच नव्हती. त्याचा आहार म्हणजे प्रामुख्याने रोटी. शिवाय माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमधील अशाच रुग्णांचा अभ्यास करून प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये जस्ताच्या अभावाचा पुरावा मांडला. जस्त दिल्यावर अशा रुग्णांची उंची वाढली आणि खुंटलेले तारुण्यही आले. 1996 मध्ये प्रसाद यांनी चार निरोगी तरुणांच्या आहारातील जस्त सुमारे वीस आठवडे कमी ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन जवळजवळ एक चतुर्थांशावर उतरले. जस्ताशिवाय शुक्राणूंची जडणघडण नीट होत नाही, हे निर्विवाद आहे.

परंतु ‘अभावाने हानी होते’ या विधानातून ‘अधिक घेतल्याने लाभ होतो’ हा निष्कर्ष निघत नाही. रोपाला पाणी कमी पडले तर ते सुकते. म्हणून भिजलेल्या वाफ्यात आणखी पाणी सोडल्याने पीक दुप्पट येत नाही. अमेरिकेत वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या 2,370 दांपत्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांना सहा महिने रोज 30 मिलिग्रॅम जस्त व 5 मिलिग्रॅम फॉलिक आम्ल, किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण अनुक्रमे 34 आणि 35 टक्के राहिले. शुक्राणूंची संख्या, हालचाल व आकार यांतही सुधारणा दिसली नाही. उलट गोळी घेणाऱ्यांमध्ये शुक्राणूंतील डीएनए तुटण्याचे प्रमाण किंचित अधिक आढळले आणि पोटाच्या तक्रारीही वाढल्या.

‘ती अमेरिका, आपल्याकडे उणीव आहेच ना?’ हा आक्षेप रास्त आहे. 2016–18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील 32 टक्के मुलामुलींत जस्ताची उणीव आढळली. तिची मुळे ताटात आणि मातीत आहेत. धान्य-डाळींतील फायटेट जस्ताला बांधून ठेवते, त्यामुळे पोटात गेलेले जस्तही पुरते शोषले जात नाही. म्हणूनच भारतीय पुरुषासाठी रोजची शिफारस 17 मिलिग्रॅम, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरीच अधिक आहे. मातीची गोष्ट तर पंतनगरच्या य. ल. नेने यांनी 1966 मध्येच सांगितली होती : तराईतील भाताचा ‘खैरा’ रोग हा जस्ताच्या अभावाचा परिणाम होता. तेव्हा खरा उपाय जस्तयुक्त खत, ‘डीआरआर धान 45’सारखे जस्तसमृद्ध वाण, मोड आणलेली कडधान्ये, आंबवलेले पदार्थ आणि शक्य तेथे अंडी-मांस-मासे यांत आहे. तारुण्यात पदार्पण करणाऱ्या गरीब मुलाला त्याची खरी गरज आहे. जाहिरात मात्र शहरातील खात्यापित्या तिशीतल्या ग्राहकाला उद्देशून असते.

या ग्राहकाचे नुकसान केवळ खिशाचे नाही. सुमारे निम्म्या दांपत्यांत वंध्यत्वामागे पुरुषाशी संबंधित कारण असते. तरीही पत्नीच्या तपासण्या आधी होतात, बोलणीही तिलाच बसतात आणि पती गुपचूप डबी आणतो. शुक्राणू तयार होण्यास अडीच महिने लागतात, म्हणून ‘आणखी एक डबी’ सहज लांबत जाते. तोवर वीर्यतपासणीत दिसू शकणारा दोष न पाहिलेलाच राहतो आणि पत्नीचे वय वाढत जाते.

डॉक्टरांनी उणीव ओळखून दिलेले जस्त जरूर घ्यावे. मात्र पतीची वीर्यतपासणी पत्नीच्या तपासण्यांबरोबरच, पहिल्याच भेटीत व्हायला हवी. ती टाळण्यासाठी घेतलेली गोळी हे औषध नव्हे, ती पळवाट आहे.