जपली तर हत्यार, गंजली तर वारसा

१/ शंभर वर्षांपूर्वीची शिकारी रायफल लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्यात आजही चालू स्थितीत असेल, तर कायद्याच्या लेखी ती हत्यार आहे. तीच रायफल मावळच्या पावसात कुजून दुरुस्तीपलीकडे गेली, तर कायद्याला तिच्याशी काही देणेघेणे उरत नाही. जुन्या बंदुकांचा इतिहास या विसंगतीत अडकला आहे. त्याविषयी हा धागा.

२/ विसंगतीचे मूळ १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ मध्ये आहे. कालबाह्य घडणीचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येत नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. येथे कसोटी वयाची नाही, कारागिरीची नाही. बार उडू शकतो की नाही, एवढीच आहे.

३/ मागे जायचे तर १८७८ पर्यंत जावे लागते. लॉर्ड लिटनच्या काळातील शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपीयांना मात्र सूट होती. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहिले. शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न या मुलखात कधीच केवळ शिकारीपुरता नव्हता.

४/ म्हणूनच तो राष्ट्रीय चळवळीतही आला. गांधीजींच्या १९३० च्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्यांची मागणी होती. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदवला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली.

५/ तो निर्णय योग्यच होता. फाळणीच्या रक्तपातानंतर अवघे वर्ष उलटले होते. शस्त्र हा हक्क नसून राज्याने दिलेली परवानगी आहे, ही भूमिका तेव्हा ठरली आणि आजही तीच कायम आहे. या धाग्याचे म्हणणे ती भूमिका सैल करावी असे नाही.

६/ मात्र कायदा करणाऱ्यांना शेतकरी ठाऊक होता. १९५९ च्या कायद्यातील कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. भातखाचरात रात्री रानडुकरांचा कळप शिरला की सकाळी काय उरते, हे आंदर, नाणे आणि पवन मावळात कोणाला सांगावे लागत नाही. गावची बंदूक बहुतेक हीच: नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची, एक बार काढायचा.

७/ श्रीमंत शिकाऱ्याची रायफल वेगळी होती. तिच्या बोअरवरही सरकारची नजर असे. लष्कराची काडतुसे नागरी बंदुकीत चालू नयेत, म्हणून .३०३ सारखे लष्करी बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य ठरले. भारतात .३१५ बोअरची शिकारी रायफल रुजण्यामागे हेच कारण आहे. इंग्रज गेले, बोअरचा तर्क राहिला.

८/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अर्धस्वयंचलित शिकारी रायफल आली. जॉन ब्राउनिंगने घडवलेली रेमिंग्टन मॉडेल ८ ही १९०६ ते १९३६ या काळात तयार होत होती. बार उडताच नळी व बोल्ट एकत्र मागे सरकतात. मग स्प्रिंगच्या जोराने आधी नळी पुढे येते, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि बोल्ट पुढे येताना नवे काडतूस चढवतो. शिकाऱ्याने फक्त पुन्हा चाप ओढायचा.

९/ आज भारतात अशी रायफल बाळगणे जवळपास अशक्य आहे. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित रायफल पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात मोडते. तिचा परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हाती नाही. तो केंद्रीय गृहमंत्रालयाचा अधिकार आहे.

१०/ आता एक तारीख: ९ सप्टेंबर १९७२. या एकाच दिवशी दोन कायद्यांना राष्ट्रपतींची संमती मिळाली. क्रमांक ५२ हा पुराणवस्तूंचा कायदा. ऐतिहासिक मोलाची, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू ती पुराणवस्तू, अशी व्याख्या त्याने केली. क्रमांक ५३ हा वन्यजीव संरक्षण कायदा. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली.

११/ म्हणजे एका कायद्याने शिकारी बंदुकीचे प्रयोजन काढून घेतले आणि शेजारच्याच कायद्याने शंभर वर्षांच्या वस्तूला मान दिला. प्रयोजन गेलेली बंदूक शंभरी गाठेल तेव्हा तिचे काय करायचे, याचे उत्तर दोन्हींकडे नाही.

१२/ तोवर ती सांभाळायची कोणी आणि कशी? लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार उरतो. तो हवेतील ओल शोषतो आणि आषाढातल्या दोन-चार दिवसांत नळीला आतून गंज धरतो. नुसत्या तेलाने क्षार विरघळत नाही. आधी गरम पाणी, मग कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा हात, असा जुना क्रम आहे.

१३/ ठासणीच्या बंदुकीच्या काळ्या दारूलाही हाच उपाय. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवली की चामडे ओल धरून ठेवते. दस्त्याच्या लाकडाला जवसाचे तेल लागते. अर्धस्वयंचलित यंत्रणेत स्प्रिंगा आणि घासणारे भाग अधिक, म्हणून कामही अधिक. हे ज्ञान पुस्तकापेक्षा घरातल्या हातांतून आले आणि आता त्या हातांबरोबर चालले आहे.

१४/ कारण वारसाची वाट अरुंद झाली आहे. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा त्याने वयाची सत्तरी गाठल्यावर किंवा बंदूक २५ वर्षे बाळगल्यावर, वारसाला परवाना मिळू शकतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वडिलोपार्जित बंदूकही याच दोनांत मोजायची, असे कायदा स्पष्ट सांगतो. जास्तीची बंदूक वर्षभरात जमा करायची होती.

१५/ या मर्यादेला कारण आहे. परवान्याची बंदूकही भांडणात, लग्नाच्या वरातीत किंवा आत्महत्येत जीव घेते. चालू बंदूक ही चालू बंदूकच. आजोबांच्या नावाने तिची गोळी बोथट होत नाही. वारसा म्हणून सूट मागणाऱ्यांनी हे आधी मान्य करावे.

१६/ परंतु बंदूक घरातून काढून घेणे वेगळे आणि तिची आठवण पुसणे वेगळे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील शहाजी छत्रपती म्युझियममध्ये राजघराण्याची शस्त्रे आणि शिकारीची स्मृतिचिन्हे पाहायला मिळतात. राजाची शिकार इतिहास झाली. मावळच्या शेतकऱ्याने ज्या ठासणीच्या बंदुकीवर भात राखला, ती पोलिस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत एक क्रमांक होऊन पडते. कोणी हक्क सांगितला नाही, तर अखेर सरकारजमा होते.

१७/ वास्तविक अशी बंदूक हे कागदाइतकेच बोलके साधन आहे. नळीवरचा कारखान्याचा ठसा, बोअर, बदललेला दस्ता, गावच्या लोहाराने बसवलेला घोडा, परवान्याच्या वहीतले नूतनीकरणाचे शिक्के: कोणाला शस्त्र मिळाले, कशासाठी आणि कोणत्या साली ते काढून घेतले, हे सारे त्यात नोंदलेले असते. शिकारीचा इतिहास केवळ साहेबांच्या आठवणींवरून लिहायचा नसेल, तर ही साधने हवीत.

१८/ म्हणून मागणी मर्यादित आहे. पन्नास वर्षांहून जुनी बंदूक जमा होताना तिची छायाचित्रे, ठसे आणि परवान्याची वही यांची नोंद व्हावी. परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आधीच अस्तित्वात आहे. तिला एवढी जोड अवघड नाही. नंतर अधिकृत कारागिराकडून बंदूक कायमची निकामी करावी आणि तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या संग्रहाला द्यावी.

१९/ कलम ४५ ने वाट दाखवलीच आहे: जी उडू शकत नाही, ती हत्यार नव्हे. आज ते काम गंज करतो, आणि गंज नळीबरोबर ठसाही खातो. तेच काम जाणत्या हाताने, नोंद ठेवून केले, तर घरही सुरक्षित राहील आणि मावळचा इतिहासही.