अवजार तिच्या हातात देऊन बघा

पुरणयंत्र घ्यायचं असेल तर आपण दुकानदाराला भंडावून सोडतो. जाळ्या किती, दांडा डगमगतो का, पत्रा पातळ तर नाही ना! पण बचत गटासाठी विजेचं अवजार घ्यायची वेळ आली, की तीच बाई दोन पावलं मागे सरते. ‘ह्यांना विचारते’, नाहीतर ‘भाऊजी तालुक्याला जाणारच आहेत, तेच आणतील.’ मग भाऊजी आणतील ते गोड मानून घ्यायचं.

हे आठवायचं कारण हीट गन. लोणची-मसाले करणाऱ्या, रेझिनच्या शोभेच्या वस्तू बनवणाऱ्या मैत्रिणी हल्ली तिच्याबद्दल विचारतात. दिसायला केस वाळवायच्या ड्रायरची बहीण. आत तापणारं एलिमेंट आणि मागे पंखा. बरणीच्या झाकणावर चढवलेली प्लॅस्टिकची पट्टी त्या गरम हवेने आक्रसते आणि घट्ट बसते. ओल्या रेझिनवरचे बुडबुडेही फुटतात. घरातल्या ड्रायरने नाही का भागणार? दहा बरण्यांना कदाचित भागेल. शंभर बरण्या असतील तर वेळ जाईल, पट्टी वेडीवाकडी बसेल आणि ड्रायरही जाईल.

दुकानदार आधी वॅट सांगतो. जास्त वॅट म्हणजे जास्त चांगली, असा त्याचा सूर. पण आपल्या भिंतीत काय आहे ते त्याला कुठे ठाऊक? २००० वॅटची गन साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढते, आणि पंख्या-दिव्याच्या बोर्डावरचा छोटा सॉकेट असतो ६ अँपिअरचा. तिला गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. आपले गट बसतात समाजमंदिरात नाहीतर कुणाच्या तरी पडवीत. तिथे बारीक वायरीचं एक्स्टेन्शन ओढलं, की गनच्या आधी वायरच तापायला लागते. प्लग हाताला गरम लागला तर काम तिथेच थांबवायचं. आणि हो, पूर्ण जोरात अर्धा तास चालवली तर एक युनिट जळतं. मालाचा भाव ठरवताना हे धरत चला.

माझ्या मते वॅटपेक्षा उष्णता कमी-जास्त करायची सोय महत्त्वाची. या गन पाचशे-सहाशे अंशांपर्यंत जातात. पट्टीला एवढी आच लागतच नाही. जास्त झाली तर ती करपते आणि डोळे चुरचुरतात. तो धूर छातीत जाणं वाईट. खिडकी उघडी हवीच. याच गनने जुन्या कपाटाचा रंगही सुटतो, पण घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात तो उद्योग नकोच.

आता माझा खरा आक्षेप. गटात तीन कोटेशनं मागवतात आणि सर्वांत कमी रकमेचं मंजूर करतात. हिशेबाच्या वहीत हे फार शोभून दिसतं! माझ्या माहितीतल्या एका गटाने अशीच स्वस्तातली गन घेतली, तीही पक्क्या बिलाशिवाय. ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत, तिसऱ्याच आठवड्यात एलिमेंट गेलं. दुकानदार म्हणाला, ‘ताई, यात रिपेरिंग नसतं.’ बायकांनी रात्री मेणबत्तीवर पट्ट्या आक्रसवल्या. दोघींची बोटं पोळली. कोटेशनच्या कागदावर याचा रकाना नव्हता.

म्हणून किमतीच्या आधी विचारायचं ते हे: दुरुस्ती केंद्र कुठल्या गावात आहे? एलिमेंट सुटं मिळतं का? पक्कं बिल आणि वॉरंटीवर शिक्का देणार का? प्लग दोनच पिनांचा असेल तर अंगावर चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे का ते बघा. ते दुहेरी इन्सुलेशनचं. दोन्ही नसेल तर खाली ठेवा. काम झाल्यावर नळी गार करायला थंड हवेचं बटण असेल तर फारच छान. ते नसेल तर बूड सपाट हवं, म्हणजे तापलेलं तोंड वर करून उभी ठेवता येते.

आणि वजन! दुकानात दोन मिनिटं हलकी वाटणारी वस्तू पन्नासाव्या बरणीला मनगट मोडते. मूठ बऱ्याचदा दणकट पुरुषी पंज्याच्या मापाची असते. भाऊजींना हे कसं कळणार? त्यांना ती छानच बसते. ती धरायची आहे ज्या बाईला, तिनेच दुकानात दहा मिनिटं चालवून बघावी. गटाने ठरावातच लिहावं की खरेदीला वापरणारी सभासद हजर राहील. तिच्या प्रवासाचा खर्च गटाने द्यावा. २०२३ पासून एसटीत आपल्याला तिकीटही अर्धंच आहे.