लिटरमागे की किलोमीटरमागे?

मे महिन्यात पाथर्डी-शेवगावकडच्या पंपांवर डिझेलला खरी गर्दी असते ती ट्रॅक्टरवाल्यांची. टाकी फुल, शिवाय सोबत एखादा कॅन. मशागतीचे दिवस असतात; हे डिझेल नांगरटीत आणि रोटाव्हेटरवर जळणार. डांबराशी त्याचा संबंध पंपापासून बांधापर्यंत, एवढाच. तरी त्यातल्या प्रत्येक लिटरवर ‘रस्ते व पायाभूत सुविधा उपकर’ लागतो. 2018 च्या अर्थसंकल्पात तो लिटरला 8 रुपये होता. पुढे तो कधी चढला, कधी उतरला, पण नांगराला कोणी वगळलं नाही.

याच नगर जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावरून धावणारी विजेची मोटार इंधनावरचा एक पैसाही कर भरत नाही, आणि राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणाने तिला तिथला टोलही माफ केला आहे. म्हणजे रस्ता वापरणारा सुटला आणि वावरात राबणारा अडकला.

पेट्रोलवर कर लावून रस्ते बांधण्याची कल्पना एका मराठी बॅरिस्टरच्या समितीने पुढे आणली. 1927 मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, तेच हे. रस्त्यांचा भार प्रांत आणि लोकल बोर्डांना पेलवत नाही हे ओळखून समितीने पेट्रोलवर जादा शुल्क सुचवलं, आणि 1929 मध्ये गॅलनमागे दोन आण्यांच्या वाढीतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. तेव्हाचा हिशेब सरळ होता: पेट्रोल जाळतं कोण? मोटार. मोटार धावते कुठे? रस्त्यावर. जयकरांच्या काळात बांधावर ट्रॅक्टर नव्हता आणि घरातल्या प्लगवर मोटार चार्ज होत नव्हती.

आता लिटर हे माप आणखी एका बाजूने सैल झालं आहे, आणि त्यात नगरच्या उसाचाही वाटा आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलं की जुन्या धाटणीच्या मोटारींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्क्यांनी घटतं, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. तेवढंच अंतर कापायला जास्त लिटर, म्हणजे कर जास्त. रस्ता तोच.

मग किलोमीटरवर का आकारू नये? न्यूझीलंड 1978 पासून डिझेलच्या गाड्यांना तसंच आकारतं. तिथे डिझेलवर रस्त्याचा कर लावायचं टाळलं, याचं एक मोठं कारण हेच, की बरंच डिझेल शेतात आणि बोटींत जळतं. गाडीमालक हजार-हजार किलोमीटरचा परवाना आधी विकत घेतो आणि गाडीचा किलोमीटर काटा त्याच्याशी ताडून पाहिला जातो. एप्रिल 2024 पासून विजेच्या मोटारीही यात आल्या, हजार किलोमीटरला 76 न्यूझीलंड डॉलर. जड वाहनांचा दर वजन आणि आसांच्या संख्येवर ठरतो.

वजनाची गोष्ट निघाली की या जिल्ह्यात जरा जपून बोलावं लागतं. अमेरिकेत 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या मोठ्या चाचण्यांतून निघालेला ठोकताळा आजही वापरला जातो: आसावरचा भार दुप्पट झाला, की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. गळीत हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या ज्या वाटेने कारखान्यावर जातात, तिथल्या डांबराला हे कोणी शिकवायला नको. वजनावर दर लावला, तर दूध घालायला जाणाऱ्या मोटारसायकलला पैशांतच मोजावं लागेल आणि ट्रॉलीला रुपयांत. पण हा दर ठरवणार विधिमंडळ आणि मंत्रालय, आणि कारखान्याच्या संचालक मंडळातून तिथवर जाणारी वाट या जिल्ह्यात चांगलीच मळलेली आहे.

किलोमीटरमागे पैसे मोजणं इथे नवं नाही. समृद्धीवर मोटारीला आधी किलोमीटरला 1 रुपया 73 पैसे लागत; 1 एप्रिल 2025 पासून 2 रुपये 6 पैसे. कुठल्या फाट्यावर चढलात, कुठे उतरलात, यावर रक्कम ठरते. अडचण एवढीच, की हे इंधनावरच्या कराच्या जागी नसून त्याच्यावर आहे. उपकर काढून किलोमीटर दर लावू, असं कोणताही पक्ष म्हणत नाही.

दिल्लीचं धोरण तर दोन्हीकडे पाय टाकून उभं आहे. सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी उपग्रहाधारित, अंतरानुसार टोलचे नियम आले. दिवसाचे पहिले 20 किलोमीटर फुकट. वर्षभरात, 15 ऑगस्ट 2025 ला, खासगी मोटारींसाठी 3000 रुपयांत 200 फेऱ्यांचा वार्षिक पासही आला. अंतर मोजण्याच्या विचाराला हा पास थेट छेद देतो.

डिसेंबर 2022 मध्ये पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके महामार्गांच्या दुर्दशेवरून नगरला उपोषणाला बसले. त्या महामार्गांत नगर-मनमाडही होता. शिर्डी आणि शिंगणापूरची गर्दी त्याच रस्त्याने जाते. त्यावरच्या गाड्यांनी इंधनातून किती पैसे भरले, हे आजच्या पद्धतीत सांगता येत नाही, कारण पंपावरचा पैसा दिल्लीच्या निधीत जातो आणि त्या निधीत रस्त्यांसोबत रेल्वे आणि जलमार्गही वाटेकरी आहेत. उपग्रहाने किलोमीटर मोजले, तर निदान त्या रस्त्याच्या नावे किती जमा झाले, हा आकडा माहितीच्या अधिकारात मागता येईल. अर्थात कोणती गाडी कुठे गेली याची नोंदही त्यासोबत सरकारच्या हाती पडेल. न्यूझीलंडचा साधा काटा ती नोंद ठेवत नाही, आणि रस्त्याचा आकडाही देत नाही.