लाइट कोणी घालवली?

१२ ऑगस्ट २०२०, गोकुळाष्टमी. त्या दिवशी उत्तर प्रदेशातल्या अनेक शहरांत लाइट गेली, ती पावसानं नाही आणि ट्रान्सफॉर्मर जळूनही नाही. एकाच गल्लीत एक घर अंधारात आणि शेजारचं उजेडात. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसले होते, त्यांचीच वीज गेली होती. दूरच्या यंत्रणेतून वीज तोडण्याचा चुकीचा हुकूम सुटला आणि दीड लाखाच्या आसपास मीटरांनी तो पाळला. बिलं वेळेवर भरणारेही त्यात होते. देवाचा जन्मकाळ टळून गेला तरी कित्येकांच्या घरी वीज आली नव्हती. पुढे सरकारनं चौकशी लावली आणि नवे मीटर बसवणं काही काळ थांबवलं.

काशीला दुर्गाघाटावर माझी मावशी राहते. तिच्याकडे तेव्हा जुनाच मीटर होता, म्हणून तिचा पाळणा उजेडात हलला. आता तिच्याही भिंतीवर स्मार्ट मीटर आहे, आणि मला त्याची काळजी वाटते.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही पेशवाईपासूनची मराठी वस्ती. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित इथं येऊन राहिले, घाट बांधले गेले. नाना फडणवीसांचा वाडा याच भागात आहे. आज यातल्या अनेक वाड्यांत म्हातारी माणसं उरली आहेत आणि मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर परदेशात. अशा वस्तीला इंटरनेटशी जोडलेल्या वस्तूंचा खरोखर आधार आहे. मावशीच्या दारावरचा कॅमेरा मावसभाऊ पुण्यातून बघतो. दूधवाला येऊन गेला की त्याचा जीव भांड्यात पडतो. कोपऱ्यावरच्या फुलवालीला फोन वाचता येत नाही, पण तिच्या टोपलीशेजारचा साउंडबॉक्स ‘बीस रुपये प्राप्त हुए’ म्हणतो आणि ओल्या हातानं ती पुढची माळ ओवायला घेते. त्या डबीत स्वतःचं सिमकार्ड असतं, तिला फोनला हात लावावा लागत नाही. आणि पावसाळ्यात गंगा चढू लागली की राजघाटाची पातळी सगळ्यांच्या फोनवर असते. ७०.२६२ मीटरला इशारा, ७१.२६२ला धोका, १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१ला पोचलं होतं. ताशी किती सेंटिमीटर चढतंय हे मावसभाऊ मावशीच्या आधी सांगतो. घाटावरचे नावाडी मात्र अजून पायऱ्या मोजतात, आणि मावशीचा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे.

या सगळ्या वस्तू सांगतात. कॅमेरा सांगतो, डबी सांगते. सांगितलेलं चुकलं तर माणूस दुसऱ्याला विचारून खात्री करून घेतो. मीटर सांगतोही आणि तोडतोही. त्याच्या पोटात एक स्विच आहे, तो कुठूनही पाडता येतो. खांबावर चढायला नको, दार वाजवायला नको.

मीटरचे फायदे मी नाकारत नाही. कुलूपबंद घराचं अंदाजे बिल आणि त्यावरची भांडणं यानं मिटू शकतात. काशीच्या गल्ल्यांत आकडा टाकून वीज घेण्याला ‘कटिया’ म्हणतात. अशा चोरीचा भार शेवटी बिल भरणाऱ्यावरच पडतो, आणि ती शोधायलाही या मीटरची मदत होऊ शकते.

पण पूर्वी वीज तोडायला माणूस यायचा, आणि तोडण्याआधी तो बोलायचा. ‘चाची, बाकी बहुत हो गया है, परसों तक भर दीजिए.’ तो घर बघायचा. आत अंथरुणाला खिळलेले काका आहेत, फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे, हे त्याला दिसायचं. ही जास्तीची मुदत कायद्यानं दिलेली नव्हती, दारात उभं राहिल्यामुळे द्यावी लागायची. स्मार्ट मीटर प्रीपेड असला, तर पैसे संपत आल्याचा मेसेज येतो, हे खरं. पण येतो कोणाच्या फोनवर? या वाड्यांतल्या कित्येक जोडण्या अजून आजोबांच्या नावावर आहेत, आणि नोंदवलेला नंबर कुणाचा, हे घरातल्यांनाही ठाऊक नसतं. महाराष्ट्रात लोकांचा विरोध झाल्यावर २०२४मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. तो विरोध मला योग्य वाटतो. पैसे आधी भरण्याचा राग त्यात होताच, पण न विचारता अंधार होण्याची धास्तीही होती.

माझं मागणं अवघड नाही. दुरून वीज जोडण्याची सोय खुशाल ठेवा, मात्र तोडण्याआधी एक माणूस दारात यायला हवा, निदान जिथं म्हातारी किंवा आजारी माणसं राहतात तिथं. आणि त्या भागाच्या लाइनमनचं नाव आणि फोन नंबर मीटरच्या पेटीवर ठळक अक्षरांत रंगवून लिहावा. मावशीच्या जुन्या मीटरशेजारी भिंतीवर तो पेन्सिलीनं लिहिलेला होता. नवा मीटर बसवताना त्यावर चुना फिरला.