बर्फातही धावू द्या बागेतली गाडी

जर्मनीतल्या न्युरेम्बर्गच्या लेमान कंपनीने 1968 साली 'एलजीबी' ही नमुना-रेल्वे बाजारात आणली आणि छोटी रेल्वे दिवाणखान्यातून बागेत उतरली. रुळांमधले अंतर 45 मिलिमीटर. पण तिला नुसते खेळणे म्हणणे अन्यायाचे. ऊन, पाऊस, बर्फ खऱ्या रेल्वेला छळतात तसेच हिलाही.

उन्हाळाच घ्या. पितळी रूळ तापला की वाढतो. दहा मीटरची सलग लांबी 40 अंशांच्या फरकाने साधारण साडेसात मिलिमीटरने वाढते. म्हणून जाणती मंडळी रूळ सिमेंटात गाडत नाहीत, खडीवर मोकळा ठेवतात, सांध्यात फट सोडतात. नवखे नेमके उलटे करतात आणि मग रूळ वाकतो. पानगळीत ओला पाचोळा रुळाला चिकटला, की चाकांपर्यंत वीज पोहोचत नाही. थंडीत जमिनीतले पाणी गोठून फुगते, मार्ग वरखाली होतो. वसंतात पातळी पुन्हा जुळवायची.

हिवाळ्यात सगळे गुंडाळून ठेवणाऱ्यांची सोय समजते. पण इंजिनापुढे चिमुकला नांगर लावून बर्फ कापत जाणाऱ्या गाडीची मजा ते घालवतात! आपल्या माथेरानची गाडी पावसाळ्यात नेरळहून सुटत नाही, तरी वरची अमन लॉज-माथेरान फेरी चालू राहते. बागेतही तेवढा एखादा तुकडा चालता ठेवायला काय हरकत आहे?